हुकूम सर्व्हिसला, वाट डिव्हाइसची : सिस्टमडीतली एक रिकामी फाइल

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू करताना कधी कधी काळ्या पडद्यावर एक ओळ येऊन थांबते. तिचा अर्थ साधारण असा : 'अमुक डिव्हाइससाठी स्टार्ट जॉब चालू आहे.' शेजारी सेकंद मोजले जात असतात आणि पुढे मर्यादा लिहिलेली असते, १ मिनिट ३० सेकंद. बघणाऱ्याला वाटतं, मशीन लटकलं. मग कुणीतरी बटण दाबून धरतं, मशीन बंद करतं, परत चालू करतं, आणि परत तीच ओळ समोर येते.

मशीन त्या वेळी लटकलेलं नसतं, वाट पाहत असतं. ही वाट कुणाची आणि ती कुणी पाहायला लावली, हे कळलं तर पुढचे बरेच घोटाळे टळतात. आपल्यापैकी बहुतेकजण कला शाखेचे आहेत हे मला माहीत आहे, मीही साहित्याचीच विद्यार्थिनी. पण हा विषय शेवटी नावांचा, क्रियापदांचा आणि नात्यांचा आहे. त्यामुळे तो आपल्याला परका वाटण्याचं कारण नाही.

एक सूचना आधीच देते. या लेखात फाइलींची नावं आणि हुकूम वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष मशीनवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

१. मॅनेजर कोण?

संगणक चालू झाला की आधी कर्नल जागा होतो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. तो यंत्राच्या भागांशी बोलतो आणि मग एक प्रोग्रॅम सुरू करतो. या पहिल्या प्रोग्रॅमचा क्रमांक १ असतो. बाकीचं सगळं, म्हणजे लॉगिनची खिडकी, नेटवर्क, प्रिंटिंग, घड्याळ जुळवणं, हे उभं करायची जबाबदारी या १ नंबरवाल्याची.

पूर्वी हे काम बहुतेक ठिकाणी एकामागून एक चालणाऱ्या लहान लहान स्क्रिप्ट करत. २०१० साली लेनार्ट पोएटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी त्याजागी सिस्टमडी आणलं. २०११ साली फेडोरा १५ मध्ये ते मूळ मॅनेजर म्हणून आलं. २०१५ साली डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ यांनीही ते घेतलं. आज आपल्या लॅबमध्ये किंवा घरी लिनक्स असेल तर बहुतेक करून क्रमांक १ वर सिस्टमडीच बसलेलं असतं.

सिस्टमडी प्रत्येक गोष्टीला 'युनिट' म्हणतं. युनिटचे ११ प्रकार आहेत. नावाच्या शेवटी टिंब देऊन प्रकार लिहितात, म्हणजे आपल्याकडे प्रत्ययावरून विभक्ती ओळखावी तसं. '.सर्व्हिस' म्हणजे पाठीमागे चालणारा प्रोग्रॅम. '.माउंट' म्हणजे एखादी डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडणं. '.टायमर' म्हणजे ठरल्या वेळी होणारं काम. '.टार्गेट' म्हणजे अनेक युनिट्स मिळून गाठायचा टप्पा. आणि '.डिव्हाइस' म्हणजे प्रत्यक्ष वस्तू : हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, नेटवर्क कार्ड.

२. जिला काही सांगता येत नाही अशी गोष्ट

सर्व्हिसच्या फाइलीत बरंच काही लिहिता येतं. कुठला प्रोग्रॅम चालवायचा, कुणाच्या नावाने चालवायचा, मधेच पडला तर परत उठवायचा की नाही. डिव्हाइसच्या बाबतीत असा वेगळा विभागच नाही. इतर युनिट्सशी असलेली नाती तेवढी लिहिता येतात, पण 'डिव्हाइसने असं वाग' असं सांगणारी एकही ओळ नसते. कारण उघड आहे. मॅनेजर प्रोग्रॅम सुरू करू शकतो, पण हार्ड डिस्क निर्माण करू शकत नाही.

इथे मराठीची क्रियापदं फार नीट कामाला येतात. 'दिवा लाव' असं आपण सांगतो. 'पाऊस पड' असं कामाच्या यादीत लिहीत नाही. लावणं हे करण्याचं क्रियापद आहे, पडणं हे होण्याचं. रविवारच्या मिस्सेआधी मेणबत्त्या लावणं, घंटा वाजवणं, माइक तपासणं ही कामं कुणाला तरी सांगून होतात. फादर दुसऱ्या गावाहून निघालेले असतील तर त्यांचं पोचणं मात्र सांगून होत नाही. दारात उभं राहून वाट पाहावी लागते. सर्व्हिस मेणबत्तीच्या बाजूची आहे, डिव्हाइस फादरांच्या वाटेच्या बाजूचं.

म्हणून डिव्हाइस युनिटला 'स्टार्ट' सांगितलं की त्याचा अर्थ 'ते येईपर्यंत थांब' असा होतो. डिस्क आली की काम पूर्ण झालं. आली नाही तर ठरलेल्या मुदतीनंतर मॅनेजर नाद सोडतो. सिस्टमडीच्या मूळ मांडणीत ही मुदत ९० सेकंदांची आहे, बदलताही येते. सुरुवातीला सांगितलेली ती काळ्या पडद्यावरची ओळ म्हणजे हीच दारातली वाट.

डिव्हाइसच्या अवस्थाही म्हणूनच थोड्या आहेत. 'प्लग्ड' म्हणजे आलेलं. 'डेड' म्हणजे नसलेलं. या दोहोंमधली 'टेंटेटिव्ह' म्हणजे नाव कानावर आलंय, पण पक्की खबर अजून नाही. 'चालू करताना चूक झाली' अशी अवस्थाच नाही, कारण चालू करणारा मॅनेजर नव्हेच.

३. खबर कोण आणतं?

मॅनेजर स्वतः केबल तपासत बसत नाही. डिस्क जोडली की कर्नलला ते कळतं आणि कर्नल तशी घोषणा करतो. ही घोषणा ऐकणारा प्रोग्रॅम म्हणजे युडेव्ह. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये तो आणला आणि २०१२ मध्ये तो सिस्टमडीच्याच घरात राहायला आला. युडेव्ह नियमांची पुस्तिका बघतो, वस्तू ओळखतो, तिला नावं देतो आणि तिच्यावर चिठ्ठ्या लावतो.

यातली एक चिठ्ठी महत्त्वाची. ज्या वस्तूवर 'सिस्टमडी' अशी चिठ्ठी असेल तिचंच डिव्हाइस युनिट तयार होतं. संगणकातल्या प्रत्येक बारीकसारीक चिपला युनिट मिळालं तर यादी वाचवणार नाही. म्हणून मूळ नियमांत डिस्कसारख्या साठवणीच्या वस्तू, नेटवर्कच्या वस्तू आणि आणखी थोड्या वस्तूंवरच ही चिठ्ठी लागते.

दुसरी चिठ्ठी 'सिस्टमडी-रेडी'. तिच्यावर ० लिहिलेलं असेल तर वस्तू कर्नलला दिसत असली तरी मॅनेजर तिला 'आली' मानत नाही. काही साठवणी दोन-तीन डिस्क मिळून एक होतात. त्यातली एकच पोचली असेल तर कामाला लागून उपयोग नसतो. हजेरी लागणं आणि तयार असणं यात फरक आहे, आणि तो इथे चक्क नोंदवून ठेवलेला आहे.

तिसरी चिठ्ठी 'सिस्टमडी-वॉन्ट्स'. 'मी आले की अमुक सर्व्हिसला बोलवा' असं वस्तूच्या वतीने त्यात लिहिता येतं. प्रिंटर जोडला की 'प्रिंटर.टार्गेट' हा टप्पा आपोआप गाठला जातो तो अशाच वाटेने. आवाजाचं कार्ड, ब्ल्यूटूथ, स्मार्टकार्ड यांच्यासाठीही असे टप्पे ठेवलेले आहेत.

४. एक वस्तू, चार नावं

लिनक्समध्ये वस्तू '/डेव्ह' या फोल्डरखाली दिसतात. समजा, एका डिस्कचा भाग '/डेव्ह/एसडीबी१' असा आहे. त्याच्या युनिटचं नाव होतं 'डेव्ह-एसडीबी१.डिव्हाइस'. पहिली तिरकी रेघ गाळायची, बाकीच्या तिरक्या रेघांच्या जागी आडवी रेघ घालायची, शेवटी प्रकार लिहायचा. मग मूळ नावातच आडवी रेघ असेल तर? तिच्या जागी '\एक्स२डी' अशी खूण येते. २डी हा त्या रेघेचा सोळाच्या पटीत लिहिलेला सांकेतिक आकडा आहे. त्या लांबलचक ओळीत मधेच दिसणारी ही अक्षरं बिघाडाची नाहीत, फक्त संधी सोडवलेला आहे.

पण एकाच वस्तूला एकच नाव असतं असं नाही. आपल्यातल्या अनेकांचं बाप्तिस्म्याचं नाव एक, घरातलं दुसरं, हजेरीपटावरचं तिसरं. डिस्कचंही तसंच. एक नाव 'एसडीबी१', एक तिला दिलेल्या लेबलवरून, एक यूयूआयडीवरून, आणि एक ती यंत्रात कुठे जोडली आहे त्या मार्गावरून. प्रत्येक नावाचं युनिट दिसतं, वस्तू मात्र एकच.

कुठल्या नावाने हाक मारायची, यावर बरंच अवलंबून असतं. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं डिस्क सापडतील त्या क्रमाने मिळतात. आज 'बी' असलेली डिस्क उद्या दुसरी केबल आधी लागली तर 'सी' होऊ शकते. यूयूआयडी मात्र डिस्कच्या त्या भागावर फॉरमॅट करताना लिहिला जातो आणि पोर्ट बदललं तरी तोच राहतो. म्हणून कायमच्या नोंदीत यूयूआयडी लिहितात. यातही एक खाच आहे. तो भाग परत फॉरमॅट केला की नवा यूयूआयडी येतो आणि जुनी नोंद अशा वस्तूची वाट पाहत बसते जी आता त्या नावाने जगात नाही. नव्वद सेकंदांच्या ओळीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

५. तीन नाती

सर्व्हिस आणि डिव्हाइस यांच्यात नातं कसं लिहायचं यासाठी सिस्टमडीकडे वेगवेगळे शब्द आहेत. त्यातले तीन नीट समजून घेऊ.

'वॉन्ट्स' म्हणजे हवंसं आहे. आलं तर छान, नाही आलं तरी मी माझं काम सुरू करतो.

'रिक्वायर्स' म्हणजे गरज आहे. याच्या जोडीला 'आफ्टर', म्हणजे 'त्याच्यानंतर', असं लिहिलेलं असेल तर समोरचं उभं राहिलं नाही की मीही उभा राहत नाही. 'आफ्टर' फक्त क्रम सांगतं. गरज सांगत नाही. हे दोन शब्द वेगळे आहेत हे विसरलं की लोक गोंधळतात. 'ताईनंतर मी जेवीन' आणि 'ताई जेवल्याशिवाय मी जेवणार नाही' ही दोन वाक्यं जशी वेगळी, तसंच हे.

'बाइंड्सटू' म्हणजे बांधून घेतलं आहे. यात गरज तर आहेच, शिवाय समोरचं मधेच नाहीसं झालं तर मलाही थांबवायचं. डिव्हाइससाठी हा शब्द विशेष लागतो, कारण पेनड्राइव्ह काही निरोप घेऊन जात नाही. कुणीतरी उपसून घेतो आणि तो गेलेला असतो. 'बाइंड्सटू'च्या जोडीला 'आफ्टर' लिहिलं की समोरचं हजर असेल तेवढाच वेळ हे युनिट चालू राहतं.

६. सगळं कामाला लावून पाहू

समजा, एखाद्या वाङ्मय मंडळाच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे. मंडळाचे जुने हस्तलिखित अंक स्कॅन करून त्यावर ठेवले आहेत. कागद पिवळे पडलेत, काही पानं तुटायला आली आहेत. दुसरी प्रत कुणाकडे नाही. म्हणून बाहेरून एक डिस्क जोडली आहे. रोज रात्री एक टायमर वाजतो आणि एक सर्व्हिस त्या दिवसाचे स्कॅन '/एमएनटी/अंक' या फोल्डरमध्ये उतरवते. बाहेरची डिस्क याच फोल्डरवर जोडली जाते.

कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी 'एफएसटॅब' या फाइलीत असते. संगणक सुरू होताना सिस्टमडी ही यादी वाचतं आणि तिच्यातून माउंट युनिट्स तयार करतं. आपल्या डिस्कचं होईल 'एमएनटी-अंक.माउंट', आणि ते त्या डिस्कच्या डिव्हाइस युनिटवर अवलंबून राहील.

आता एके दिवशी खोली झाडताना डिस्कची केबल निघाली आणि तशीच राहिली. पुढे काय होईल? ते आपण काय लिहिलंय त्यावर आहे.

पहिली शक्यता : यादीत साधी नोंद आहे. मॅनेजर ९० सेकंद वाट पाहील, मग जोडणी फसली असं ठरवेल, आणि संगणक नेहमीच्या लॉगिनपर्यंत न जाता आणीबाणीच्या पडद्यावर थांबेल. एका बॅकअपच्या डिस्कसाठी सगळं मशीन अडलं.

दुसरी शक्यता : हे टाळायला कुणीतरी नोंदीत 'नोफेल' हा शब्द घातला. त्याचा अर्थ, ही जोडणी हवीशी आहे, सक्तीची नाही. संगणक तिच्यासाठी न अडता व्यवस्थित सुरू होतो आणि सगळे खूश. पण रात्री टायमर वाजतो. '/एमएनटी/अंक' हा फोल्डर तर जागेवर आहे. डिस्क जोडलेली नसली तरी तो आतल्या डिस्कवरचा एक साधा, रिकामा फोल्डर म्हणून असतोच. सर्व्हिस त्यात फाइली उतरवते आणि 'काम झालं' असं नोंदवते. म्हणजे दुसरी प्रत पहिल्याच डिस्कवर गेली. उद्या ती डिस्क जळाली तर दोन्ही प्रती एकदम जातील. आणि कुणी केबल परत लावली आणि बाहेरची डिस्क त्या फोल्डरवर जोडली गेली की मधल्या दिवसांच्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. त्या असतात, पण दिसत नाहीत.

या दोन शक्यतांपैकी दुसरी मला जास्त घातक वाटते. पहिलीत निदान आरडाओरडा होतो.

तिसरी शक्यता : 'नोफेल' राहू द्यायचं, पण सर्व्हिसच्या फाइलीत एक ओळ वाढवायची, 'रिक्वायर्समाउंट्सफॉर', आणि पुढे '/एमएनटी/अंक' हा मार्ग. यामुळे या मार्गासाठी लागणारी जोडणी ही सर्व्हिसची गरज ठरते आणि क्रमही लागतो. आता केबल निघालेली असेल तर संगणक सुरू होईल, मुलं आपापली कामं करतील. रात्री मात्र सर्व्हिस आधी डिस्कची वाट पाहील आणि ती न आल्यास सुरूच होणार नाही. दुसऱ्या दिवशी तिचं काम न झाल्याची नोंद लॉगमध्ये सापडेल. कुणीतरी टेबलाखाली वाकून केबल बघेल.

काम चालू असतानाच डिस्क निघाली तर सर्व्हिस थांबावी असं वाटत असेल, तर 'एमएनटी-अंक.माउंट' या युनिटशी 'बाइंड्सटू' आणि 'आफ्टर' ही दोन्ही नाती लिहायची. पण यातून एक गैरसमज नको. डिस्क उपसल्यावर मॅनेजर जोडणी सोडवतो, हे खरं. पण जी माहिती अजून मेमरीतच होती, डिस्कवर लिहिली गेली नव्हती, ती गेलीच. नातं कितीही पक्कं लिहिलं तरी डिस्क काढण्याआधी ती नीट सोडवून घेण्याला पर्याय नाही.

वाट किती पाहायची हेही ठरवता येतं. यादीतल्या नोंदीत 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट' असं लिहून पुढे सेकंद द्यायचे. जुनी, हळू जागी होणारी डिस्क असेल तर जास्त, असली-नसली चालेल अशी असेल तर १० सेकंदही पुरेत.

७. यातून काय घ्यायचं

डिव्हाइस युनिट रिकामं आहे, पण निरुपयोगी नाही. मॅनेजरच्या हुकमाची हद्द कुठे संपते ते त्या रिकाम्या फाइलीवरून कळतं. हद्दीच्या पलीकडे जे आहे ते येईल किंवा येणार नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी राहतात : त्याला न बदलणाऱ्या नावाने ओळखणं, आणि ते आलं नाही तर आपण काय करू हे आधी लिहून ठेवणं. 'हवंसं', 'गरजेचं' आणि 'बांधलेलं' हे तीन शब्द एकाच अर्थाचे समजून वापरले की मंडळाचे जुने अंक रोज रात्री जपले जात आहेत असं सगळ्यांना वाटत राहतं आणि प्रत्यक्षात एकच प्रत असते. भाषेच्या विद्यार्थ्यांना जवळच्या अर्थाच्या शब्दांतला फरक सांभाळायची सवय असते. ती इथे उपयोगी पडते.

करून पाहा

१. लिनक्सवर 'सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स' हा हुकूम देऊन प्रकार म्हणून 'डिव्हाइस' निवडा. यादीत एकाच डिस्कची किती नावं सापडतात ते मोजा.

२. यादीतल्या एखाद्या नावात '\एक्स२डी' दिसली तर मूळ मार्ग कागदावर लिहून काढा.

३. एक पेनड्राइव्ह लावा, यादी बघा. नीट सोडवून काढा, परत यादी बघा. कुठली ओळ आली आणि गेली?

४. 'एफएसटॅब' फक्त वाचा, बदलू नका. त्यातल्या प्रत्येक डिस्कबद्दल एक वाक्य लिहा : ही आली नाही तर हा संगणक काय करेल?

५. तुमच्या ओळखीच्या एखाद्या कामासाठी, मग ते गॅदरिंग असो की चर्चचं फेस्त, 'हवंसं', 'गरजेचं' आणि 'बांधलेलं' अशा तीन याद्या करा. कुठल्या यादीत सगळ्यात जास्त वाद होतो ते बघा.